फक्कीचं घर

नसलेल्या भिंतीतून चाललो म्हणून मी आयुष्यात एकदाच बोलणी खाल्ली. बोलणारे गृहस्थ सांगलीचे, एका संस्थानाच्या बांधकाम खात्यातून ओव्हरसिअर म्हणून निवृत्त झालेले. ते आमच्या मळ्यातल्या खळ्यावर उकिडवे बसले होते आणि मी त्यांच्यासाठीच चहा घेऊन निघालो होतो. सभोवार सपाट सारवलेली जमीन. तिच्यावर चुन्याच्या फक्कीच्या पांढऱ्या रेघा, बाकी काही नाही.

"परत फिरा," ते म्हणाले, "आणि दारानं या."

मी कपबशी सावरत मागं गेलो आणि रेघेला जिथं खंड होता तिथून आत आलो. "हं, आता कसं," म्हणून त्यांनी चहा घेतला. तेवढ्यात तो निवला होता, त्याबद्दलही बोलले.

गावानं त्यांचं ओव्हरशेर करून टाकलं होतं. शेराला सव्वाशेर भेटतो म्हणतात, हा त्याच्याही वरचा, असा त्यातला खवचटपणा. हे त्यांच्या कानावर गेलं तेव्हा म्हणाले, "वजन वाढवलंत, आभारी आहे." चिडवणाऱ्यांचा त्यानं अगदी विरस झाला.

अंगात बंद गळ्याचा कोट, खाली धोतर, पायांत कॅनव्हासचे बूट, डोक्यावर काळी टोपी. हातात छत्री, पण ती उघडलेली मी कधी पाहिली नाही. तिच्या दांड्यावर त्यांनी कानशीनं इंचाच्या खुणा करून घेतल्या होत्या. कुणाच्याही घरी गेले की नमस्काराच्या आधी दाराला छत्री आडवी लागायची. पुढं एकदा माझ्या चुलतबहिणीला सासरी पोचवायला आम्ही निघालो, तर हेही आले, आणि त्यांनी सगळं वऱ्हाड दारात खोळंबून ठेवलं. माप घेऊन झाल्यावर नवऱ्यामुलाच्या वडिलांना म्हणाले, "नवरी जाईल आत. कपाट जायचं नाही." कपाट खरंच गेलं नाही. अजून त्यांच्या सोप्यात आहे, पाहुण्यांच्या टोप्या ठेवायला.

आत गेले की सगळ्यांत वाईट जागी बसायचे, म्हणजे बरोबर दारात. येणाऱ्याजाणाऱ्याचे पाय लागत, बायका कावत. ते म्हणायचे, "बसू द्या हो. माणूस घरात कसा वळतो ते बघतोय." सगळ्यांना 'आपण' म्हणत. गडीमाणसांना आपण, पोरांना आपण. आमचा बैल वाटेत उभा होता, तर त्याला म्हणाले, "आपण जरा सरकता का?" बैल सरकला, हे मात्र मी स्वतः पाहिलं आहे.

कागदाशी त्यांचं वाकडं. जन्मभर नकाशे काढून झाले असतील म्हणून असेल, पण घराचा नकाशा कागदावर काढायला ते तयार नसत. "कागदावर सगळे मावतात हो," म्हणायचे, "कागदाचं काय जातंय?" घर जेवढं होणार तेवढंच जमिनीवर मारायचं, फक्कीनं, आणि ज्यांना त्यात राहायचं आहे त्यांनी आधी त्या रेघांत राहून बघायचं, ही त्यांची रीत. एकदा सांगलीला त्यांच्या घरी गेलो तेव्हा या रीतीची दुसरी बाजू कळली. पुढं दोन खोल्या बांधलेल्या, मागं सगळ्या रेघाच. "न्हाणीघर कुठं आहे?" मी विचारलं. त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "अजून ठरायचंय. लग्न झाल्यापासून माझा निम्मा संसार फक्कीतच झालाय. पाऊस आला की घर पुसून जातं, मग हे परत काढतात." बाई हे सांगताना हसत होत्या. मी असतो तर हसलो नसतो.

हा माणूस आमच्याकडं आला तो माझ्या थोरल्या भावामुळं.

दादा फौजेत हवालदार होता. ब्रह्मदेशात एका घाटात लॉरी उलटली आणि कंबरेखालचं सगळं बळ गेलं. गावात गोळीला मान असतो, लॉरीला नसतो. लोक भेटायला यायचे, विचारायचे, "कुठं लागली?" दादा सांगायचा, "लॉरी हुती." मग लोक तंबाखू मळत बसायचे आणि पावसापाण्याचं बोलायचे. सरकारनं त्याला चाकाची खुर्ची दिली होती. गाव तिला गाडी म्हणे. पण आमचं गावातलं घर उंच जोत्यावरचं, बाहेर पायऱ्या, आत दर दाराला वीतभर उंबरा. गाडी जाणार कुठं? ती गोठ्यात ठेवली आणि थोड्याच दिवसांत तिच्यावर कोंबडी अंडी घालायला लागली.

दादा सोप्यात बाजेवर. त्याला ओढ्याकडं न्यायचं काम माझं, सकाळी आणि दिवेलागणीला, पाठुंगळी घेऊन. लहानपणी तो माझा घोडा व्हायचा, आता मी त्याचा, फिट्टंफाट. वडील आम्ही लहान असतानाच गेले होते, घर आईच्या हुकमात. दादाची बायको, आमची वहिनी, कमी बोलायची. दादा तर आल्यापासून विचारलं तेवढ्याचंच उत्तर देई.

मिरजेच्या दवाखान्यात डॉक्टरांनी सांगून टाकलं की आता याहून जास्त सुधारणा व्हायची नाही. आम्ही परत निघालो. दवाखान्याच्या पायऱ्या मी दादाला पाठीवर घेऊन उतरत होतो आणि मागून वहिनी रिकामी गाडी धडधडत उतरवत होती. खाली हे गृहस्थ पायरीला छत्री लावून बसलेले. त्यांचं कुणी आजारी नव्हतं, पायऱ्या बघायला आले होते. मला त्यांनी विचारलंच नाही, माझ्या खांद्यावरून थेट दादाशी बोलले.

"आपली खुर्ची रिकामी का?"

"पायऱ्या हायत नव्हं," दादा म्हणाला.

"आणि घरी?"

"घरीबी हायत."

"मग बसता कधी?"

"बसत न्हाई."

त्यांनी गावाचं नाव विचारून घेतलं. आठवड्याभरात बोलावल्याशिवाय हजर. ऊन मी म्हणत होतं. आई मळ्यात गेली होती. हे आले ते सोप्याच्या दारात बसले आणि दादाकडं बघत राहिले, सकाळपासून दुपार होईपर्यंत. वहिनीला वाटलं, वेडसर आहेत. मलाही वाटलं. मग म्हणाले, "आपण पाणी पीत नाही."

दादा बाजेचं सुंभ ओढत राहिला.

"भाकरी खाल्लीत, ठेचा खाल्लात. तांब्याला हात नाही."

दादा भिंतीकडं तोंड करून म्हणाला, "प्यालं की जावं लागतंय. जायाचं म्हंजे ह्याला शेतातनं बोलवा, ह्यानं पाठीवर घ्या, समद्या गावानं बघा. त्यापरीस पीत न्हाई. सांच्यापतोर कळ काढतो."

वहिनी पदर तोंडाला लावून आत गेली. मी तिथंच उभा. दादा पाणी कमी पितो हे मला ठाऊक होतं, मला वाटायचं फौजेची सवय असेल. ओव्हरसिअर मला म्हणाले, "हे आईंना आपण सांगायचं नाही. ते सांगतील तेव्हा सांगतील." आणि तिथून उठून ते मळ्याकडं चालू लागले.

आईच्या मनात मळ्यात घर बांधायचं होतंच. सपाटीला बांधा, जोतं नको, पायरी नको, एवढं ती लगेच कबूल झाली. "त्येला बाजवरनं शेत तरी दिसंल," म्हणाली. तिच्या डोळ्यांसमोर बाजच होती. ओव्हरसिअर दुसऱ्या दिवशी फक्कीची किटली घेऊन खळ्यावर रेघा मारायला बसले.

दादाला आम्ही बैलगाडीतून खळ्यावर न्यायचो आणि तिथं चाकाच्या खुर्चीत बसवायचो. सोपा, माजघर, स्वयंपाकघर, त्याची खोली, सगळं पांढऱ्या रेघांत. त्यानं दिवसभर स्वतः चाकं फिरवत त्यातून हिंडायचं. आम्ही सगळ्यांनी तिथंच जेवायचं, बसायचं, आणि दारानंच जायचं-यायचं. पहिल्या दिवशी दादा माजघरातून वळताना रेघेवर गेला. लगेच म्हणाला, "चुकलो सायेब. भितीवर गेली गाडी."

"आपण नाही चुकलात," ओव्हरसिअर म्हणाले, "भिंत चुकली."

संध्याकाळी ते गाडीची चाकं निरखून बघायचे. ज्या बाजूला चुना लागला असेल त्या बाजूची भिंत केरसुणीनं झाडून टाकायचे आणि हातभर मागं मारायचे. रोज. दादा आल्यापासून घरात जिथं तिथं तोच आडवा येत होता, त्याला सरकवावं लागत होतं. त्याच्यासाठी दुसरं काही सरकताना मी पहिल्यांदा बघत होतो, आणि खरं सांगायचं तर मला फार बरं वाटलं. दादा त्या आठवड्यात आपणहून बोलायला लागला. "सायेब, हितं कोपऱ्यावर हाताचं कोपार घासंल," असं काहीबाही.

स्वयंपाकघराचं दार एवढं रुंद कशाला, असं आईनं विचारलं. पुरुषमाणसाचं चुलीपाशी काय काम? वहिनी हळूच म्हणाली, "येतील की. माझ्यासंगं बोलाया." दादाचे कान लाल झाले. दार रुंद राहिलं.

ते चळवळीचे दिवस. आमच्या भागात कुणी जमिनीवर रेघा मारतोय म्हटल्यावर चौकशी आलीच. एक जमादार दोन शिपाई घेऊन आला आणि तरातरा रेघा तुडवत मधोमध येऊन उभा राहिला. "हे काय चाललंय?"

"घर आहे," ओव्हरसिअर म्हणाले. "आपण माजघरात उभे आहात. बूट घालून."

जमादारानं खाली पाहिलं. चुलीपाशी भाकऱ्या थापणारी आई त्याच्याकडं बघत होती. तो गेला, आणि जाताना दारानं गेला. आईचंही तोवर असं झालं होतं की वडूजकडचे पाहुणे आले तर तीच ओरडली, "आवं, भितीतनं काय येताय? दार तकडं हाय."

पण एका कोपऱ्यापाशी ती ऐकेना. दादाच्या खोलीला लागून ओव्हरसिअरनी एक लहान चौकोन काढला होता. तो संडास आहे हे कळल्यावर आईनं पायानं पुसून टाकला. त्यांनी परत काढला. तिनं परत पुसला. "घरात संडास? देवाधर्माच्या घरात? त्यापरीस गोठ्यात ऱ्हाऊ आमी." ते म्हणायचे, "आईसाहेब, देव हलवता येतो, यांना नाही हलवता येत." असं काही दिवस चाललं. एक दिवस तिनं तो कोपरा शेणानं सारवूनच टाकला, फक्की धरू नये म्हणून.

ओव्हरसिअरनी किटली दादाच्या मांडीवर ठेवली. "मी थकलो," म्हणाले, "आता आपणच बघा."

दादा किटलीकडं बघत राहिला. मग म्हणाला, "आई, मला दिसभर तान लागलेली असती."

"मग पी की. कोन नगं म्हनतंय?"

"प्यालं की उचलाया लागतंय मला. म्हनून पीत न्हाई. दोन उन्हाळं झालं."

आई जिथं होती तिथंच खाली बसली. "मला सांगायचंस की रं," ती म्हणाली. दादा म्हणाला, "काय सांगू?"

मग ती उठली. दादाच्या मांडीवरच्या किटलीत हात घालून मूठभर फक्की घेतली आणि ओल्या शेणावर तो चौकोन तिनं स्वतः काढला, वेडावाकडा. "बोळ काढा मधी हातभर," म्हणाली, "आन् वर छप्पर घाला. पावसात भिजंल त्यो."

ओव्हरसिअर म्हणजे रेघ केसभर हलली तर पुसून परत मारणारा माणूस. ती रेघ त्यांनी सरळ केली नाही. गवंड्याला बजावून सांगितलं, जशी आहे तशीच बांधायची. आमच्या घराची तेवढी एक भिंत तिरकी आहे, आणि नवीन माणूस हमखास विचारतो की हे कुणी बांधलं.

एवढं सगळं करून चूक झाली ती त्यांच्याच हातून. भिंती चढत होत्या तेव्हा ते सांगलीत हिवतापानं पडून होते. पडण्याआधी सुताराला सांगून गेले होते, "सगळ्या चौकटी रुंद करायच्या." दादा गावातल्या घरी. गाडीनं आत जाईन तेव्हाच नवं घर बघीन, म्हणाला होता. बांधकामावर मीच असायचो, आणि रोज दहा वेळा त्या दारांतून आत-बाहेर करायचो. मला काही दिसलं नाही. आईलाही दिसलं नाही. दिसण्यासारखं त्यात काही नव्हतंच.

घर भरायच्या दिवशी ओव्हरसिअर आले, तापानं निम्मे झालेले. दाराला तोरण, आईनं हळदकुंकू वाहिलेलं, निम्मा गाव जमलेला. रस्त्यापासून दारापर्यंत मुरमाची सपाट वाट केली होती. दादा आपल्या हातांनी चाकं फिरवत त्या वाटेनं आला. दारापाशी पुढची चाकं थडकली आणि गाडी थांबली.

उंबरा होता. घरातल्या दर दाराला होता.

फक्कीच्या घरात दार म्हणजे रेघेतला खंड. तिथं उंबरा आहे की नाही, हे रेघेवरून कळणार कसं? ओव्हरसिअर समजून चालले की नाही, आम्ही सगळे समजून चाललो की आहे. सुताराला पुढं बोलावलं. तो गांगरला, पण वाकला नाही. "तुमी चौकट म्हनला, सायेब. चौकटीला चार लाकडं. तीनच घातली तर तिला चौकट कसं म्हनायचं?"

ओव्हरसिअरनी टोपी काढली. त्यांचं डोकं उघडं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. "शब्द माझा होता," म्हणाले, "चूक माझी. करवत आणा."

आई दारात आडवी उभी राहिली. "आत्ता हळदकुंकू वाहिलंय म्या. घर भराय आलोय का मोडाय?"

मागून लोक म्हणायला लागले की चौघं लागा आणि गाडीसकट उचलून आत ठेवा, मुहूर्त टळतोय. मी दादाला उचलायला वाकलोच होतो.

"हात लावू नगंस," दादा म्हणाला. आवाज चढवला नाही, पण मी मागं झालो. "आज उचलून नेलंसा तर जन्मभर उचलूनच न्याल. मी भाईर बसतो. तुमी जावा आत."

कुणी आत गेलं नाही. ओव्हरसिअर टोपी हातात घेऊन उंबऱ्याकडं बघत उभे, आणि दादा मुरमावर. तोरणाखाली उभी राहून आई एकदा ह्याच्याकडं बघत होती, एकदा त्यांच्याकडं.

"उंबरा देवाचा हाय," ती शेवटी म्हणाली. "जमीन आपली हाय. जमीन उचला की."

ओव्हरसिअरनी टोपी घातली. "आईसाहेब," म्हणाले, "आपण खात्यात असतात तर मी आपल्या हाताखाली असतो." आणि कोट काढून आमच्या गड्याच्या हातातली पाटी घेतली.

मुरूम ओढ्याच्या काठाला होताच. जे गाव मजा बघायला आलं होतं तेच पाट्या वाहायला लागलं. आत-बाहेर, सगळ्या खोल्यांत, उंबऱ्याच्या माथ्याबरोबर जमीन भरत नेली, चोपली, सारवली. सुतारानं दारांचे खालचे काठ कापले, नाहीतर ती उघडेनात. काम पुरं होईतो कामापुरतंच आत जायचं. जेवणं, निजणं सगळ्यांचं बाहेर. "त्यो भाईर तर आमीबी भाईर," हा आईचा हुकूम. जमीन वर आल्यानं चौकटी तेवढ्याच बुटक्या झाल्या. आमच्याकडं येणाऱ्या उंच माणसाचं कपाळ आजही वरच्या लाकडाला लागतं.

मग दादा आत गेला. चाकं उंबऱ्यावरून गेली तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही. चाकांना हळदकुंकू लागलं, ते पुसायला वहिनी वाकली, तर आई म्हणाली, "लागू दे."

नंतर महिन्याभरानं ओव्हरसिअर घर बघायला आले. त्यांच्या सवयीप्रमाणं दारात बसले, येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायांत. दुपारची वेळ. आईनं भाकरी टाकली आणि स्वयंपाकघरातूनच दादाला हाक मारली. उत्तर आलं नाही. तिनं परत हाक मारली. मग खोलीत जाऊन बघितलं, बोळात बघितलं, सोप्यात बघितलं. दादा नव्हता. गाडीही नव्हती.

आई बाहेर आली, तोंड उतरलेलं. फौजेतून परत आल्यापासून दादा कुठं आहे हे विचारायची पाळी कुणावर आली नव्हती. जिथं ठेवला तिथं असायचा. "कुठं गेला आसंल रं?" ती मला विचारत होती आणि मला सांगता येत नव्हतं. वहिनी विहिरीकडं बघून आली. मी वाटेला लागलो.

"बसा," ओव्हरसिअर म्हणाले.

"आवं, त्यो न्हाई घरात," आई म्हणाली.

"ऐकलं मी. बसा. शोधू नका."

आम्ही बसलो, पण कुणाचं लक्ष ताटात नव्हतं. भाकऱ्या गार झाल्या. बऱ्याच वेळानं उसाच्या बाजूनं गाडी येताना दिसली. दादा सावकाश चाकं फिरवत आला, दारात बसलेल्या ओव्हरसिअरना "जरा सरकता का सायेब," म्हणाला आणि त्यांच्या शेजारून आत आला.

"कुठं गेलतास?" आईनं विचारलं.

"हितंच," दादा म्हणाला.

मग आईनं तोंड सोडलं. सांगून जायाची रीत हाय का न्हाई, भाकरी कवाची वाट बघतीया, घर म्हंजे काय धरमशाळा हाय व्हय, असं बराच वेळ. दोन वर्षं तिनं त्याला फुलासारखं जपलं होतं, एक वाकडा शब्द नाही. दादा मान खाली घालून शिव्या खात होता आणि गालात हसत होता. ओव्हरसिअर दारातून उठले, कुणालाही काही न सांगता बूट घातले आणि सांगलीच्या वाटेला लागले. दादा कुठं गेला होता ते त्यानं आम्हाला कधी सांगितलं नाही, आणि आम्हीही परत विचारलं नाही.